जत्रेच्या मुक्कामाला जनरेटर आणि बॅटरी : तेलाचा खर्च निम्म्यावर कसा येईल?

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात रोहणा हे कापसाच्या टापूतील गाव आहे. पुलगाव-आर्वी ही नॅरोगेज रेल्वे एकेकाळी याच गावावरून जात असे. आज माल आणि माणसे रस्त्याने जातात आणि छोट्या व्यापाऱ्याचे दुकान टेम्पोवर चढले आहे. रोहण्यासारख्या गावातील बांगडीवाले, अत्तर-सुरमा विकणारे, गादी-रजईवाले, खेळणी आणि तयार कपड्यांचे दुकानदार आठवडी बाजार करतात. हंगामात ते जत्रा-उरूसही करतात. समुद्रपूर तालुक्यात गिरडच्या टेकडीवर बाबा फरीद यांचा दर्गा आहे, नागपूरला ताजबागचा उरूस असतो, वर्धा नदीपलीकडे कौंडण्यपूरची कार्तिकी जत्रा भरते. अशा ठिकाणी दोन-चार दिवसांचा मुक्काम पडतो. दुकानही तिथेच आणि झोपणेही तिथेच.

या मुक्कामात विजेचा प्रश्न प्रत्येकाला छळतो. जत्रेतील तात्पुरती जोडणी सर्वांना मिळत नाही आणि मिळाली तरी तिचा भरवसा नसतो. म्हणून गाडीत एक पेट्रोलचा छोटा जनरेटर आणि एक इन्व्हर्टरची बॅटरी ठेवण्याची पद्धत पडली आहे. मात्र या दोन वस्तूंची जोडी कशी लावावी, याचा विचार फार थोडे व्यापारी करतात. परिणामी नफ्यातला मोठा वाटा पेट्रोलमध्ये जळतो, आणि पाच वर्षे चालावी अशी बॅटरी दोन वर्षांत भंगारात जाते. काही वेळा त्याहून मोठे, जिवाचे नुकसान होते. म्हणून या विषयाची माहिती येथे हिशेबासह देत आहोत.

मूळ गोष्ट एकच

सर्व हिशेबाचे सार एका वाक्यात सांगता येते. ज्या वेळी दिव्यांसाठी जनरेटर चालवावाच लागतो, त्याच वेळी बॅटरी भरून घ्यावी. केवळ बॅटरी भरण्यासाठी जनरेटर वेगळा चालवू नये.

याचे कारण इंजिनाच्या स्वभावात आहे. दोन केव्हीएचा पेट्रोल जनरेटर दोनशे वॅटचा भार ओढो की साडेचारशेचा, तो ताशी साधारण अर्धा लिटर पेट्रोल पितोच. इंजिन फिरते ठेवण्यालाच बहुतेक तेल लागते. भाड्याचा ट्रक अर्धा रिकामा धावला तरी डिझेल आणि ड्रायव्हरचा खर्च चुकत नाही, तसाच हा प्रकार आहे. म्हणून जनरेटर जितके तास चालेल, तितके तास त्याच्यावर भरपूर काम टाकावे. काम संपले की तो बंद करावा.

एका दुकानाचा हिशेब

उदाहरणादाखल एक दुकान घेऊ. संध्याकाळी सहा ते दहा ही गर्दीची वेळ आहे. बारा वॅटचे दहा एलईडी दिवे म्हणजे १२० वॅट, दोन छोटे पंखे ४० वॅट, मोबाईल आणि पैसे जमा झाल्याचे सांगणारा साउंडबॉक्स वगैरे २० वॅट. एकूण १८० वॅट झाले.

रात्री दहानंतर दोन दिवे आणि पंखे, म्हणजे ६४ वॅट, आठ तास चालतात. ते झाले ५१२ वॅट-अवर. दिवसा पंखे आणि मोबाईलसाठी ६० वॅट तीन तास धरले तर आणखी १८०. दोन्ही मिळून सुमारे ६९० वॅट-अवर झाले. इन्व्हर्टर स्वतः काही वीज खातो, म्हणून बॅटरीतून ८०० वॅट-अवर निघतात असे धरावे. बारा व्होल्टने भागले की साधारण ६६ एएच येतात. बॅटरी १५० एएचची असेल तर ती निम्म्याच्या आतच रिकामी होते आणि हे योग्य आहे. शिसे-आम्लाची साधी बॅटरी रोज निम्म्याहून जास्त उपसली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते.

आता तीन व्यापारी तीन पद्धतींनी हाच मुक्काम करतात असे समजा.

पहिल्याकडे बॅटरी नाही. तो संध्याकाळी, रात्रभर आणि दिवसाचे तीन तास जनरेटर चालवतो. पंधरा तास म्हणजे साडेसात लिटर पेट्रोल.

दुसरा संध्याकाळी चार तास दिव्यांसाठी जनरेटर चालवतो आणि सकाळी पुन्हा पाच तास बॅटरी भरण्यासाठी चालवतो. नऊ तास म्हणजे साडेचार लिटर.

तिसरा संध्याकाळच्या चार तासांतच दिवेही लावतो आणि बॅटरीही भरतो. दिव्यांचे १८० आणि चार्जरचे सुमारे २७० असा ४५० वॅटचा भार जनरेटर सहज ओढतो. चार तास म्हणजे दोन लिटर, फार तर थोडे जास्त.

पेट्रोल लिटरला शंभर रुपये धरले तरी दुसऱ्या आणि तिसऱ्या व्यापाऱ्यात दिवसाला अडीचशे रुपयांचा फरक पडतो. चार दिवसांच्या जत्रेत तो एक हजारावर जातो. बांगड्यांच्या किंवा खेळण्यांच्या दुकानात एक हजार रुपये निव्वळ नफा मिळवायला किती विक्री करावी लागते, हे दुकानदारांना सांगायला नको.

चार तासांत बॅटरी पूर्ण भरत नाही

येथे एक अडचण आहे. बॅटरीतून ६६ एएच काढले तर परत भरताना सुमारे १५ टक्के जास्त, म्हणजे ७६ एएच घालावे लागतात. घरगुती इन्व्हर्टरचा चार्जर साधारण १५ अँपिअरचा असतो. तो चार तासांत ६० एएच घालतो. म्हणजे बॅटरीत प्रत्यक्षात रोज सुमारे १४ एएचची तूट राहते. एका दिवसात ती जाणवत नाही, पण तिसऱ्या संध्याकाळपर्यंत ती ४२ एएच होते. चौथ्या सकाळी बॅटरीतून एकूण १०८ एएच गेलेले असतात. तेव्हा इन्व्हर्टर शिट्टी मारू लागतो आणि दुकानदार म्हणतो की बॅटरी खराब निघाली. बॅटरीचा दोष नसतो, तूट साठत गेलेली असते.

मग मोठा चार्जर लावावा का? साध्या प्लेटची बॅटरी तिच्या एएचच्या एक-पंचमांश इतका करंट घेऊ शकते; ट्युब्युलर बॅटरीला एक-दशांश ते थोडा अधिक इतकाच मानवतो. म्हणजे १५० एएचच्या ट्युब्युलरला १५ ते २० अँपिअर पुरे. त्याहून जास्त लोटले तर ती तापते, पाणी उकळते आणि प्लेटा झडतात.

शिवाय बॅटरीचा शेवटचा भाग नेहमीच सावकाश भरतो. साधारण ८० टक्क्यांपर्यंत ती पूर्ण करंट घेते. त्यानंतर व्होल्टेज १४.४ च्या आसपास पोचते आणि करंट आपोआप कमी होत जातो. उरलेले २० टक्के भरायला पुढे कितीतरी तास लागतात. त्या तासांत जनरेटर चालवणे म्हणजे चार माणसांसाठी अख्खी बस सोडण्यासारखे आहे.

यावर स्वस्त उपाय सूर्याचा आहे. टेम्पोच्या टपावर किंवा दुकानाच्या छतावर शंभर वॅटचे एक सोलर पॅनेल ठेवले, तर विदर्भाच्या स्वच्छ उन्हात दिवसाला २५ ते ३० एएच मिळतात. रोजची तूट भरून थोडे उरते. जनरेटरने मोठा भाग लवकर भरावा आणि उन्हाने उरलेला सावकाश भरावा, ही जोडी उत्तम आहे. पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर मात्र अवश्य हवा.

पॅनेल नसेल तर घरी परतल्यावर बॅटरी घरच्या विजेवर रात्रभर पूर्ण भरावी. अर्धवट भरलेली बॅटरी आठवडाभर पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि तो पुढे निघत नाही. जत्रेवरून आलेली बॅटरी पुढच्या जत्रेपर्यंत तशीच कोपऱ्यात ठेवणे, हे बॅटऱ्या लवकर मरण्याचे एक मोठे कारण आहे.

जनरेटरवरच्या १२ व्होल्टच्या भोकाचा मोह

अनेक छोट्या जनरेटरांवर २३० व्होल्टच्या सॉकेटशेजारी १२ व्होल्टचे एक डीसी सॉकेट असते. सरळ दोन वायरी काढून बॅटरीला लावल्या की काम झाले, असे वाटते. पण या सॉकेटमधून साधारण ८ अँपिअरच मिळतात. वरच्या उदाहरणातील ७६ एएच भरायला नऊ तासांहून जास्त लागतील, म्हणजे पाच लिटर पेट्रोल. त्यातील व्होल्टेजवर बहुधा नियंत्रणही नसते, त्यामुळे बॅटरी भरली तरी करंट थांबत नाही. बंद पडलेल्या गाडीची बॅटरी चालू करण्यापुरती थोडी भरावी, एवढाच या सॉकेटचा उपयोग समजावा. रोजच्या कामाला २३० व्होल्टच्या सॉकेटवर चांगला ऑटोमॅटिक चार्जर किंवा इन्व्हर्टरच लावावा.

बाजारात ट्रान्सफॉर्मर आणि डायोडचा साधा चार्जरही मिळतो. तो मजबूत असतो, पण भरलेली बॅटरी ओळखत नाही. तो वापरायचा तर घड्याळ आणि मीटर हाताशी ठेवावे.

इन्व्हर्टर जनरेटरवर टकटक का करतो?

ही तक्रार सर्रास ऐकू येते. घरी नीट चालणारा इन्व्हर्टर जनरेटरला जोडला की आतला रिले सारखा टकटक वाजतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. बहुतेक इन्व्हर्टरांना मागच्या बाजूला एक बटण असते. ‘यूपीएस’ या स्थितीत तो सुमारे १८० ते २६० व्होल्टच्या आतली स्थिर वीजच स्वीकारतो. ‘नॉर्मल’ किंवा ‘वाइड’ या स्थितीत साधारण १०० ते २९० व्होल्टपर्यंत चालवून घेतो. जनरेटरवर बटण दुसऱ्या स्थितीत ठेवावे. तरीही टकटक थांबली नाही तर जनरेटरचा वेग आणि व्होल्टेज मेकॅनिककडून तपासून घ्यावे.

आणखी एक काळजी. जनरेटर आणि वीज कंपनीची जोडणी दोन्ही असतील तर मध्ये चेंजओव्हर स्विच असलाच पाहिजे. नाहीतर जनरेटरची वीज उलटी तारांत जाते आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतते.

वायर कुठे लांब, कुठे आखूड

जनरेटर दूर ठेवायचा असतो, म्हणून वायर लांब लागते. पण लांब वायर कोणत्या बाजूला ठेवायची, हे महत्त्वाचे आहे. अडीच चौरस मिलिमीटरच्या पाच मीटर तांब्याच्या वायरीतून १२ व्होल्टचे २० अँपिअर नेले, तर जाण्यायेण्याच्या वायरीत मिळून जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच संपतात. चार्जर १४.४ व्होल्ट देतो आणि बॅटरीला १२.९ मिळतात. अशी बॅटरी भरायला बराच जास्त वेळ लागतो. तेच काम २३० व्होल्टच्या बाजूला केले तर करंट दोन अँपिअरच्या आसपास असतो आणि पंचवीस मीटर वायरीतही घट जाणवत नाही.

म्हणून नियम असा : जनरेटर दूर, चार्जर बॅटरीजवळ. लांब वायर २३० व्होल्टची आणि जाड व आखूड वायर १२ व्होल्टची. टेम्पोच्या अल्टरनेटरवरून वाटेत बॅटरी भरणाऱ्यांनीही हेच ध्यानात ठेवावे. तिथे १६ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीजवळ फ्यूज आणि इंजिन बंद झाल्यावर दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या करणारा रिले बसवावा. नाहीतर रात्री दिवे जळतील आणि सकाळी गाडीच सुरू होणार नाही.

धुराकडे दुर्लक्ष नको

आता जिवाच्या गोष्टीकडे येऊ. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात कोझिकोड जिल्ह्यातील वडकरा येथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृत आढळली. जनरेटरचा कार्बन मोनोक्साइड वायू गाडीत शिरल्याने हे घडल्याचे तपासात निष्पन्न झाले. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो कळत नाही. डोके जड होते, ग्लानी येते आणि माणूस उठतच नाही.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यामुळे गाडीत मुक्काम करणाऱ्यांची चर्चा आता होऊ लागली आहे. पण जत्रेतला व्यापारी हा मुक्काम कितीतरी वर्षांपासून करत आला आहे. ताडपत्रीने बंद केलेला टेम्पो आणि बाहेर थंडीच्या रात्री चालू असलेला जनरेटर, ही वडकऱ्याचीच परिस्थिती आहे. म्हणून जनरेटर झोपण्याच्या जागेपासून किमान वीस फूट दूर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवावा. धुराचे तोंड आपल्याकडे नको, तसेच शेजाऱ्याच्या पालाकडेही नको. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनने किती मोठा सांगितला आहे, हे वाचकांना ठाऊक आहेच. लोक झोपल्यावर जनरेटर बंदच असावा. बॅटरी ठेवण्याचा खरा फायदा हाच आहे की रात्री इंजिन लागतच नाही.

आवाजाचीही बाब आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ रात्रीची धरली जाते आणि वस्तीच्या भागात तेव्हा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. दहाला जनरेटर बंद करणाऱ्या दुकानदाराला या कारणाने कोणाशी वाद घालावा लागत नाही.

बॅटरी भरताना हायड्रोजन वायू निघतो. तो हवेत चार टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेतो. बॅटरीवर गोधडी किंवा मालाची पोती टाकू नयेत आणि जवळ विडी पेटवू नये. आधी चिमटे लावावेत, मग चार्जर चालू करावा. काढताना आधी चार्जर बंद, मग चिमटे. पाणी डिस्टिल्डच घालावे, बोअरचे नाही, आणि ते चार्जिंग झाल्यावर घालावे. पेट्रोल भरताना इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे.

बॅटरीची नाडी

बॅटरी किती भरली आहे हे पाहायला साधा डिजिटल मीटर पुरतो. चार्जर आणि भार दोन्ही काढून दोन-तीन तासांनी मोजावे. १२.७ च्या आसपास असेल तर पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. चार्जिंग चालू असताना दिसणारे १४ व्होल्ट पाहून फसू नये. तो आकडा चार्जरचा असतो.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट पाळावी. विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा चार्जिंगचे व्होल्टेज अर्ध्या व्होल्टाने कमी हवे. तशी सोय असलेला चार्जर घ्यावा. ती नसेल तर बॅटरी सावलीत ठेवून पाणी वारंवार पाहावे.

लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्याही मिळतात. त्या महाग आहेत, पण जनरेटरशी त्यांचे चांगले जमते. शंभर एएचची अशी बॅटरी सामान्यतः ५० अँपिअर घेते आणि दोन-सव्वादोन तासांत भरते. अर्धवट भरलेली राहिली तरी तिचे बिघडत नाही. मात्र तिला तिचाच चार्जर लागतो. वर्षात जत्रांचे बरेच दिवस असतील तरच हा खर्च परवडेल. चार-सहा जत्रा करणाऱ्याला ट्युब्युलर पुरे.

कारागिरांना संधी

या प्रश्नात कारागिरांसाठी रोजीचा मार्गही आहे. खेड्यात वीज नव्हती तेव्हा टीव्हीच्या बॅटऱ्या भरून देणारी दुकाने होती. जत्रेत आजही तेच काम करता येईल. दहा-बारा भरलेल्या बॅटऱ्या आणि एक चांगला जनरेटर घेऊन कोणी ऑटो-इलेक्ट्रिशियन बसला, रात्रीच्या भाड्याने बॅटरी देऊ लागला, तर तेवढ्या दुकानांचे जनरेटर बंद होतील. एका इंजिनावर पूर्ण भार पडेल आणि प्रत्येकाचे तेल वाचेल. हिशेब वर दिलेलाच आहे, फक्त मोठ्या प्रमाणावर.

असा धंदा विश्वासावर चालतो. अर्धी भरलेली बॅटरी पूर्ण म्हणून देणे किंवा जुन्या डब्यावर नवे लेबल लावून जास्त एएच सांगणे, हे माप मारण्यासारखेच आहे. माप मारणाऱ्यांविषयी कुरआनात सूरह मुतफ्फिफीन आहे, ते प्रत्येक व्यापाऱ्याला माहीत आहे. ग्राहकासमोर मीटर लावून व्होल्ट दाखवणारा कारागीर पुढच्या वर्षी त्याच जत्रेत ताठ मानेने बसू शकेल.

निकामी बॅटरी घरी फोडून शिसे वितळवण्याचा प्रकार मात्र कोणी करू नये. शिशाचा धूर मुलांच्या मेंदूला अपाय करतो. जुनी बॅटरी विक्रेत्याला परत द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत तिची योग्य विल्हेवाट अपेक्षित आहे आणि बदल्यात नव्या बॅटरीच्या किमतीत सूटही मिळते.

पुढच्या जत्रेला गाडी भरण्यापूर्वी व्यापारी बांधवांनी एक कागद घ्यावा. आपले दिवे, पंखे आणि तास लिहावेत, वरच्या रीतीने एएच काढावेत आणि चार्जरचा करंट पाहावा. संध्याकाळच्या चार तासांत किती भरते आणि किती तूट राहते, ते समजेल. हे गणित दहा मिनिटांचे आहे. त्यातून वाचलेला पैसा हलाल कमाईतलाच आहे. तो इंजिनाच्या धुरात न जाता घरी पोचावा, यातच बरकत आहे.